५७०० पॅनियर टँक, ४ मिमीचं पितळी किट: चासी अडखळते, टाकीला फुगवटा, रंगाचे पापुद्रे

कर्जत_लूप

ब्रिटनच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या (जीडब्ल्यूआर) ५७०० वर्गाच्या पॅनियर टँक (बॉयलरच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या असलेल्या) वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलचं, ४ मिमी स्केलचं (खऱ्या एका फुटाला ४ मिमी) एच केलेलं (ॲसिडने पत्रा कोरून भाग काढलेलं) किट, गेज (रुळांमधलं अंतर) १६.५ मिमी. बॉडीचा पत्रा पितळेचा, ०.३८ मिमी जाड. चासी निकेल सिल्व्हरची, ०.४५ मिमी. चाकं १८.५ मिमी व्यासाची, चौकोनी टोकाच्या १/८ इंची आसांवर बसणारी. आसांची बुशं (आस फिरतात ती कडी) चासीला पक्की डागलेली (सोल्डर केलेली), स्प्रिंग नाही. गिअरबॉक्स ४०:१, मधल्या आसावर. कपलिंग रॉड (एका बाजूची चाकं जोडणारे दांडे) दोन-दोन पत्रे जोडून केलेले, मधल्या पिनेवर सांधा असलेले.

अडचणी अशा:

१) रॉड काढले की चासी काचेवर मोकळी पळते. दोन्ही बाजूंचे रॉड लावले की दर फेऱ्याला एकदाच अडकते, डावा क्रँक (चाकावरची रॉडची पिन) पूर्ण मागे (बंकरच्या, म्हणजे मागच्या कोळशाच्या कप्प्याच्या दिशेला) आला की. मोटर लावून ४ व्होल्टच्या खाली तिथेच थांबते. रॉडची भोकं रीमरने (भोक रुंद करायच्या हत्याराने) मोठी करायची का?

२) डाव्या टाकीच्या बाजूला साधारण ३० मिमी लांबीचा फुगवटा आलाय, खोली अर्धा मिमी. २५ वॅटची पेन्सिल इस्त्री (सोल्डरिंग आयर्न), ६०/४० तार (कथील-शिशाचं सोल्डर), आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग डाग (सोल्डर) दिला होता.

३) गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला राखाडी स्प्रे प्रायमर, त्यावर एनॅमल हिरवा. स्मोकबॉक्सच्या (बॉयलरच्या पुढच्या, धुराड्याखालच्या भागाच्या) कडेची मास्किंग टेप काढताना हिरवा आणि प्रायमर दोन्ही निघून खाली लख्ख पितळ दिसलं. फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून लावतात ते) म्हणून हार्डवेअरच्या दुकानातली डबीतली पिवळी पेस्ट वापरली होती.

धुराडं, डोम आणि सेफ्टी व्हॉल्व्हचं आवरण व्हाइट मेटलचं (कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचं) आहे, ते अजून बसवायचंय. सध्या हवेत ८५ टक्के आर्द्रता आहे. रंग आत्ता करावा की ऑक्टोबरपर्यंत थांबावं?

---

सहा_चाकी

रीमर खाली ठेवा. भोकं मोठी केली की इंजिन चालायला लागतं, पण दोष तसाच राहतो. मग रॉड खुळखुळतात आणि हळू वेगात हिसके येतात. आधी दोष कुठला ते ओळखा. अडकण्याची जागाच ते सांगते.

रॉडची लांबी आणि आसांमधलं अंतर जुळत नसेल, तर क्रँक डेड सेंटरवर, म्हणजे पूर्ण पुढे किंवा पूर्ण मागे असताना अडकतं. वर-खाली असताना तोच फरक चाकाच्या किंचित फिरण्यात जिरून जातो. क्वार्टरिंग चुकलं असेल, म्हणजे एका आसावरच्या दोन क्रँकमधला ९० अंशांचा कोन इतर आसांशी जुळत नसेल, तर एका बाजूचे रॉड लावून चासी मोकळी चालते. दोन्ही बाजू लावल्या की डेड सेंटरच्या अधेमधे, साधारण ४५ अंशांवर अडकते. तुमचे आस चौकोनी टोकाचे आहेत, म्हणजे कोन कारखान्यातच ठरलेला. त्यात तुमचं अडकणं नेमकं डेड सेंटरवर. क्वार्टरिंगवर संशय घेण्याचं कारण नाही.

नुसती लांबी चुकली असती तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही डेड सेंटरवर अडकलं असतं. तुमचं एकाच जागी अडकतंय. याचा अर्थ दोन चाकांच्या क्रँकचा 'थ्रो' (आसाच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर) वेगळा आहे. दोन्ही क्रँक पुढे असताना तो फरक एका दिशेने लागतो, मागे असताना उलट दिशेने. जोडीला रॉडच्या लांबीत थोडी चूक असली की एका टोकाला दोन्ही चुका एकमेकींना झाकतात आणि दुसऱ्या टोकाला त्यांची बेरीज होते. साच्यातून निघालेल्या चाकांचा थ्रो सहसा सारखाच असतो. वेगळा होतो तो पिन तिरकी बसल्यामुळे. छोटा गुण्या चाकाच्या पाठीला लावा, पिनेकडे उजेडात बघा, मग चाक ९० अंश फिरवून पुन्हा बघा. डाव्या बाजूच्या तिन्ही पिना तपासा.

कुठली पिन ते नक्की करायला रॉडला सांधा आहे त्याचा फायदा घ्या. उजवी बाजू पूर्ण काढा. डाव्या बाजूला फक्त पुढचा अर्धा रॉड लावून फिरवा, मग तो काढून फक्त मागचा. अडकेल त्या अर्ध्यात दोष आहे. दोन्ही अर्धे एकेकटे मोकळे आणि एकत्र लावल्यावर अडकत असतील तर दोष सांध्यात: दोन पत्रे जोडताना डाग सांध्यात वाहून तो आखडलाय.

नंतर अंतरं मोजा. खऱ्या इंजिनात पुढचा ते मधला आस ७ फूट ३ इंच, मधला ते मागचा ८ फूट ३ इंच. म्हणजे ४ मिमी स्केलला २९ आणि ३३ मिमी, एकूण ६२. व्हर्निअरने एका आसाच्या पुढच्या कडेपासून दुसऱ्याच्या पुढच्या कडेपर्यंत मोजा, मध्य शोधत बसू नका. पण आकडा नेमका २९.०० येण्यापेक्षा दोन्ही बाजूंना सारखा येणं आणि रॉडशी जुळणं महत्त्वाचं आहे.

फरक ०.१ मिमीच्या वर निघाला तर बुश हलवावं लागेल. १/८ इंची पोलादी दांड्याची टोकं लेथवर रॉडच्या भोकात जातील इतकी बारीक करून घ्या, असे तीन तुकडे. ते चासीत घाला, रॉड त्यांच्या टोकांवर चढवा. जोर न लावता रॉड पडला पाहिजे. नाही पडला तर चुकीच्या बुशाचा डाग वितळवा, बुश आपोआप जागेवर सरकेल, तसंच थंड होऊ द्या. शेजारच्या बुशावर ओल्या कापसाचा बोळा ठेवा, नाहीतर तेही सुटेल. यासाठी चासीतलं बुशाचं भोक आधी कानशीने किंचित सैल करावं लागतं.

एवढं सगळं झाल्यावर रीमर. मधल्या, म्हणजे मोटरच्या आसाच्या पिनेवर रॉड घट्टच ठेवा, नुसता फिरेल इतका. पुढच्या-मागच्या भोकांत ०.१ मिमीपर्यंत मोकळीक पुरे. रीमर दोन्ही तोंडांनी सारखा फिरवा. एकाच बाजूने फिरवला तर भोक नरसाळ्यासारखं होतं.

---

तांबट_आळी

टाकीच्या फुगवट्याचं कारण तुमच्या वर्णनातच आहे: लहान इस्त्री आणि सलग डाग. लहान इस्त्रीने पत्रा जपला जातो असं वाटतं, घडतं उलटं. पितळ उष्णता झपाट्याने वाहून नेतं. २५ वॅटचं बारीक टोक सांध्याला तापवत बसतं, तोवर अख्खी टाकी तापून फुगते. त्या फुगलेल्या अवस्थेत डाग गोठतो आणि पत्र्याला परत आकसायला जागा उरत नाही. अशा लांब सांध्याला ५० वॅटची, ३ ते ४ मिमी छिन्नी टोकाची इस्त्री घ्या, तापमान ठरवता येत असेल तर ३५० ते ३८० अंश सेल्सिअस. टेकवली, डाग वाहिला, उचलली. एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त लागत असेल तर इस्त्री कमी पडतेय किंवा पत्रा मळका आहे.

आधी नुसते टाके मारायचे. पहिला मधोमध, मग दोन्ही टोकांना, मग उरलेल्या जागांच्या मध्यावर, असं करत दर १०-१२ मिमीला एक टाका. प्रत्येक टाक्यानंतर पट्टी लावून कड सरळ आहे ना बघा. चुकलेला एक टाका सोडवणं सोपं, सलग डाग सोडवणं अवघड. सगळं सरळ असेल तेव्हाच टाक्यांमधल्या जागा भरा, त्याही शेजारी-शेजारी नको, डावीकडची एक, मग उजवीकडची एक.

आत्ताचा फुगवटा वरून दाबून जाणार नाही. तो सांधा फुगवट्याच्या दोन्ही बाजूंना १५ मिमी जास्तीचा धरून उघडा: डाग वितळवून सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी लावा. पत्रा मोकळा झाला की कित्येकदा तिथेच सरळ होतो. उरलाच तर खाली माउसचा रबरी पॅड ठेवून वर १० मिमीचा गुळगुळीत पोलादी दांडा हलक्या हाताने लाटा. पत्रा गॅसवर तापवून मऊ करू नका. मऊ झालेली टाकी हाताळतानाच चेपते.

घडीबद्दलही सांगतो, कारण पुढे केबिन आणि बंकर येईल. अर्धी एच केलेली रेघ घडीच्या आत राहते. घडी जोर लावूनही वळत नसेल तर तिकोनी कानशीच्या कडेने त्या रेघेतून दोन-तीन हात फिरवा. वळवल्यावर आतून रेघेत डाग वाहवा, तिथे पत्रा निम्माच जाड उरलेला असतो. रिव्हेट मात्र वळवण्याआधी, पत्रा फ्रेटमध्ये (भाग जोडून आलेल्या मूळ चौकटीत) असतानाच मागून ठोकून घ्या.

फ्लक्स बदला. डबीतल्या पेस्टचं तेलकट पुट साबणाने पूर्ण जात नाही आणि तुमच्या तिसऱ्या अडचणीची सुरुवात तिथूनच आहे. या कामाला पातळ फॉस्फोरिक ॲसिड चांगलं: १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात ८५ टक्क्यांचं ॲसिड १० मिली, म्हणजे वजनाने साधारण १२ टक्के होतं. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही. चष्मा, हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. भांड्यांना कल्हई लावताना वापरतात तो नवसागर किंवा झिंक क्लोराइड डाग उत्तम पसरवतात, पण त्यांचा क्लोराइड सांध्यात राहिला की दमट हवेत ओल धरतो आणि काही महिन्यांत रंगाखालून हिरवा गंज वर येतो. भांडं रोज घासलं जातं, इंजिन नाही.

व्हाइट मेटलचे भाग: पितळावर बसण्याची जागा आधी ६०/४० ने कल्हई करून घ्या, कारण ७० अंशांचा (७० अंश सेल्सिअसला वितळणारा) डाग नुसत्या पितळाला धरत नाही. मग इस्त्री २०० अंशांच्या खाली आणून ७० अंशांच्या डागाने बसवा. व्हाइट मेटल २४० अंशांच्या आसपास वितळतं आणि वितळायच्या आधी काहीच सूचना देत नाही, डोमची कड एकाएकी खाली बसते. तापमान ठरवता येणारी इस्त्री नसेल तर दोन भागांचा, सावकाश आवळणारा अ‍ॅराल्डाइट वापरा, तोही कमी नाही. ७० आणि १४५ अंशांच्या काही डागांमध्ये कॅडमियम असतं. त्याचा धूर तोंडावर येऊ देऊ नका आणि ते कानशीने घासून भुकटी करू नका.

---

रंगाचा_हात

रंग सुटला तो प्रायमरच्या खालून. टेपला दोष नाही. गाड्यांच्या स्प्रे कॅनमधला साधा राखाडी प्रायमर खरखरीत पोलादावर पकड घेतो. गुळगुळीत पितळाला तो नुसता चिकटून असतो, शिवाय जाड बसून रिव्हेट बुजवतो.

सगळं उतरवा. पेंट रिमूव्हर चालेल, पण चाकं, मोटर, प्लास्टिक आणि अ‍ॅराल्डाइटने लावलेले भाग आधी काढा, तो त्यांनाही खातो. मग भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश, आतून-बाहेरून. सांध्यांत राहिलेल्या ॲसिडसाठी पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून एकदा, पुन्हा साध्या पाण्याने. शेवटी पाव लिटर कोमट पाण्यात एक चमचा सायट्रिक ॲसिड, त्यात दहा मिनिटं. जास्त वेळ ठेवलं तर पितळ गुलाबी पडतं, म्हणजे वर तांबं उघडं पडलंय. चिंच-मीठ नको, मिठातही क्लोराइडच. अखेरची विसळणी डिस्टिल्ड पाण्याने. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग रंगाखालून दिसतात. इथून पुढे बॉडीला उघडं बोट लावायचं नाही. बॉडी आतून लाकडी ठोकळ्यावर पेचाने बसवा आणि ठोकळा धरा.

प्रायमर दोन भागांचा एच प्रायमर घ्या. गाड्या रंगवणाऱ्यांच्या दुकानात तो वॉश प्रायमर म्हणून मागितला की मिळतो. त्यातलं फॉस्फोरिक ॲसिड धातूवर किंचित चावा घेतं, म्हणून पकड येते. मिश्रणाचं प्रमाण आणि किती तासांत संपवायचं हे डब्यावर असतं, ते तंतोतंत पाळा. थर इतका पातळ हवा की खालचं पितळ पुसटसं दिसत राहील. आसांची बुशं, पेचांची भोकं आणि चासीवर वीज उचलणाऱ्या पट्ट्या आधी टूथपिक आणि टेपने झाका.

एअरब्रश ०.३ मिमी नोझलचा, दाब १५ ते २० पीएसआय, अंतर १० ते १२ सेंटीमीटर, रंग दुधाइतका पातळ. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत आला तर रंग हवेतच वाळतोय: जवळ या किंवा दाब कमी करा. रंग ओघळला तर पुसू नका. पूर्ण वाळू द्या, मग १२०० नंबरच्या पेपरने पाण्यात घासा.

रंगांचा क्रम: आधी बफर बीमचा लाल, पांढऱ्या किंवा फिक्या राखाडी अस्तरावर. काळ्यावर लाल मारला तर विटकरी दिसतो. मग तो झाकून हिरवा, मग हिरवा झाकून स्मोकबॉक्स, फूटप्लेट (चाकांवरची आडवी पट्टी) आणि छप्पर काळं. टेप लावण्याआधी एनॅमल नाकाजवळ धरा. वास येत असेल तर वाळलेला नाही, कितीही दिवस झाले असले तरी. टेप स्वच्छ काचेवर दोनदा चिकटवून तिची पकड कमी करा, आणि काढताना वर न ओढता स्वतःवर दुमडत सपाट ओढा.

पावसाळ्यात थांबावं का? एनॅमल करता येईल, फक्त एका दिवसाऐवजी प्रत्येक थराला दोन-तीन दिवस द्या. नायट्रोसेल्युलोज लॅकर मात्र ८५ टक्क्यांत मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प बसतं आणि रंग दुधाळ होतो. कंप्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप लावा आणि दर दहा मिनिटांनी रिकामा करा, नाहीतर मधेच पाण्याचा थेंब नोझलमधून येतो. एच प्रायमरही त्या काळातला कोरडा दिवस बघून मारा. वाळवायला झाकणाचा मोठा डबा, आत सिलिका जेल. त्याने धूळही बसत नाही.

---

खंडाळा_बँकर

वरच्या उत्तरांना जोड.

७० अंशांचा डाग वापरल्यावर बॉडी कधीही उकळत्या पाण्यात धुऊ नका, हेअर ड्रायर जवळ धरू नका. पाणी १०० अंशांचं, डाग ७० चा. डोम भांड्याच्या तळाशी सापडेल. धुणं, फवारणं, वाळवणं सगळं कोमटवर.

वजन भरताना टाकीत शिशाचे छर्रे आणि पांढरा लाकडी गोंद हे मिश्रण टाळा. त्या गोंदातून सुटणाऱ्या आम्लाने शिशाचं पांढऱ्या क्षारात रूपांतर होतं, आकारमान वाढतं, आणि वर्ष-दोन वर्षांनी रंगवलेल्या टाकीचे सांधे उघडतात. शिशाची पट्टी कापून अ‍ॅराल्डाइटने लावा. तोल मधल्या आसावर येऊ द्या, बॉडी तिथे बोटावर ठेवून बघता येतो.

चाकांची पाठ ते पाठ अंतर १४.५ मिमी आहे ना बघा. पितळी बॉडीत चाकाची कड फूटप्लेटला आतून लागली की शॉर्ट होतो, आणि वळणावरच होतो, त्यामुळे रुळाचा दोष वाटतो. चाकांच्या वरच्या जागेला आतून अ‍ॅराल्डाइटचा पातळ हात द्या.

रंगाचा काळही ठरवून घ्या. या वर्गाची इंजिनं १९२९ ते १९५० या काळात बांधली गेली, एकूण ८६३, त्यामुळे निवड मोठी आहे. हिरव्यात करणार असाल तर टाकीवर रेघा नकोत. गोल मोनोग्राम १९३४ पासूनचा, त्याआधी पूर्ण 'ग्रेट वेस्टर्न', आणि १९४२ पासून नुसती जीडब्ल्यूआर ही तीन अक्षरं. स्मोकबॉक्सच्या दारावर नंबराची पाटी १९४८ च्या राष्ट्रीयीकरणानंतरची. हिरव्या इंजिनाचा नंबर पुढच्या बफर बीमवर रंगवलेला असतो, दारावर पाटी लावली तर चुकेल. धुराड्याला तांब्याची टोपी नाही. पॉलिश केलेल्या तांब्या-पितळेच्या मोहाने हे इंजिन पुष्कळदा चुकीचं रंगवलं जातं. ब्रिटिश रेल्वेच्या काळातला साधा काळा पहिल्या किटला सर्वांत सोपा, मास्किंग निम्म्याने कमी होतं.

---

कर्जत_लूप

गुण्या लावला. डावीकडची मागची पिन तिरकी आहे, टोक आसापासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं. एकटा मागचा अर्धा रॉड लावला तरी त्याच जागी अडकतं, पुढचा अर्धा मोकळा. मागच्या अर्ध्याचं अंतर डावीकडे ३३.०५, उजवीकडे ३३.००. पिन चाकाच्या पाठीमागून घातलेल्या चपट्या डोक्याच्या स्क्रूची आहे, चाकाचा मध्य प्लास्टिकचा. पक्कडीने सरळ करावी का?

---

सहा_चाकी

पक्कडीने नको, प्लास्टिकमधलं भोक लांबट होईल आणि पिन पुन्हा झुकेल. ०.०५ मिमीचा फरक सोडून द्या, तो मागच्या भोकाच्या मोकळिकीत जातो. बुशाला हात लावू नका.

चाक आसावरून उतरवा, स्क्रू मागून काढा. बहुतेक वेळा साच्याचा बारीक कोंब स्क्रूच्या डोक्याखाली अडकलेला असतो आणि डोकं एका बाजूने उचललेलं राहतं. बसण्याची खाच हातात धरलेल्या ड्रिलच्या टोकाने, यंत्रावर न लावता, दोन-तीन फेरे देऊन साफ करा. डोकं चाकाच्या पाठीशी सपाट बसेल इतकंच. स्क्रू परत घाला, पुढून गुण्या लावून बघा. सरळ असेल तर मागून डोक्याला अ‍ॅराल्डाइटचा ठिपका द्या आणि एक रात्र राहू द्या. इस्त्री त्या चाकाच्या जवळही नेऊ नका.

भोकच तिरकं निघालं तर त्यात अ‍ॅराल्डाइट भरा, पूर्ण आवळल्यावर दुसऱ्या चांगल्या चाकावरून मोजलेल्या थ्रोवर खूण करून उभ्या ड्रिल स्टँडवर नवं भोक पाडा. त्यानंतर आधी नुसता मागचा अर्धा रॉड, मग डावी बाजू पूर्ण, मग उजवी. मोटर शेवटी. हाताने ढकलल्यावर काचेवर चाकं न घसरता सहाही फिरली की मगच गिअर जोडा.